गावतलावातला गाळ घातलेला बांध फुटला, मुरमाचा जुना बांध उभा : मातीच्या कणांत नेमका काय फरक?

मलप्रभाकाठची
नमस्कार मंडळी. हा प्रश्न शेतीचा की बांधकामाचा ते मला ठरवता येईना, म्हणून इथंच विचारते.

आमचं शेत खानापूर तालुक्यात. भात आणि थोडा ऊस. खालच्या अंगाला बाबांनी पस्तीस वर्षांपूर्वी काढलेलं तळं आहे. त्याचा बांध टेकाडावरच्या तांबड्या मुरमाड मातीचा. बैलगाडीनं माती आणायची, पसरायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं चोपायची. त्यात दोन उन्हाळे गेले. तो बांध अजून जागचा हललेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी शेजारी दुसरं तळं काढलं. गावतलावातला गाळ फुकट मिळत होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पिठासारखी बारीक माती आहे ताई, एकदा बसली की थेंब जाणार नाही." मलाही पटलं. बारीक म्हणजे घट्ट, असंच वाटतं ना? जुलैत तळं भरलं आणि तिसऱ्या दिवशी बांधाच्या बाहेरच्या बाजूला करंगळीएवढ्या भोकातून गढूळ पाणी यायला लागलं. संध्याकाळी त्यात मूठ जात होती. पहाटे बघते तर तीन हात रुंद खिंडार. खालच्या दोन खाचरांतली रोपं गाळाखाली गेली. त्यातलं एक खाचर शेजाऱ्यांचं, त्याचं जास्त वाईट वाटतं.

बाबा एवढंच म्हणाले, "गाळ शेताला, मुरूम बांधाला." पण का, ते त्यांना सांगता येत नाही. मला ते हवंय, कारण यंदा बांध पुन्हा घालायचाय आणि तीच चूक नको.

घटप्रभा
ताई, तुमच्या बाबांच्या चार शब्दांत सगळं आलं आहे. मी पंचवीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामांवर होतो, म्हणून जरा फोड करून सांगतो.

ट्रॅक्टरवाल्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या. बारीक माती दोन जातींची असते. आपल्या भारतीय मानकात (आयएस १४९८) विभागणी अशी आहे : ४.७५ ते ८० मिमी म्हणजे खडा, ०.०७५ ते ४.७५ मिमी वाळू, ०.००२ ते ०.०७५ मिमी पोयटा (ज्याला इंजिनिअर सिल्ट म्हणतात), आणि ०.००२ मिमीहून बारीक ती चिकणमाती. पोयटा आणि चिकण दोन्ही डोळ्यांना पीठच दिसतात, पण वागायला पार वेगळ्या.

वाळूचा कण जड असतो, त्याला उचलून न्यायला पाण्याला जोर लागतो. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि पापुद्र्यासारखे चपटे, ते एकमेकांना धरून बसतात. मधला पोयटा हलकाही आणि सुटाही. त्याला ना वजनाचा आधार, ना चिकटपणाचा. संथ पाण्यात तोच जास्त करून खाली बसतो, म्हणून तलावाच्या गाळात बहुधा त्याचाच भरणा असतो. बांधातून थोडा जरी पाझर झाला तरी बाहेरच्या तोंडाशी एकेक कण निसटतो, भोक आत आत सरकत जातं. याला आम्ही पायपिंग म्हणतो. तुमच्या बांधाला नेमकं तेच झालं.

एक खूण कायमची लक्षात ठेवा. बांधातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ पाणी आलं तर त्याच क्षणी धावायचं, कारण ते पाणी बांध पोटातून खात असतं.

भट्टीवाला_खानापूर
वाह, आमच्या गावचा विषय! घटप्रभा काकांना दुजोरा. आमची विटांची भट्टी आहे, तीन पिढ्या. माती बघायला आम्हाला मानक लागत नाही ओ, दात लागतात. चिमूटभर माती दाढेखाली धरायची. कचकच वाजली तर वाळू. बारीक किरकिर, मैद्यासारखी, तर पोयटा. लोण्यासारखी सरकली आणि दाताला चिकटली तर चिकण.

निव्वळ चिकणमातीची वीट सुकताना तडकते. वाळू जास्त झाली तर वीट उभी राहते, पण कोपरे झडतात. म्हणून आम्ही नेहमी मिसळ करतो. आज्जा म्हणायचा, "मातीत नवरा-बायको दोघंबी पाहिजेत." वाळू उभी राहणारी, चिकण धरून ठेवणारी.

निपाणीकर
माझं थोडं वेगळं मत आहे. सगळे मुरमाचं कौतुक करायलेत, पण उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानात या. ढेकळावर कुदळ मारली की टणकन वाजते, हाताला झिणझिण्या येतात. त्या ढेकळात खडा नाही की वाळू नाही, नुसती बारीक चिकण. मग ताकद कणांच्या मिसळीतनं येते असं कसं म्हणायचं?

घटप्रभा
@निपाणीकर, प्रश्न अगदी योग्य. ते ढेकूळ आहे तसं उचला आणि बादलीत टाका. तासाभरानं कुदळ आणू नका, चमचा आणा.

सुक्या चिकणमातीची ताकद खरीच असते. कणांमधलं उरलंसुरलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. पाऊस आला की ती ओढ संपते. मुरमाची ताकद निराळी. तिथं खडे आणि वाळू एकमेकांवर घासतात, एकमेकांत अडकतात, आणि ही घासण भिजल्यावरही बरीचशी टिकते. कूलंब नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं अठराव्या शतकातच हे दोन हिस्से वेगळे करून मांडले होते : एक कणांच्या चिकटपणातून येणारा, दुसरा घर्षणातून. घर्षणाच्या हिश्शाचं वैशिष्ट्य असं की वरून वजन जितकं जास्त, तितका तो वाढतो. मोकळ्या, गोल, एकसारख्या वाळूचा घर्षणकोन (कणांची घासण किती ते सांगणारं माप, कोन जास्त तितकी घासण जास्त) साधारण ३० अंशाच्या आसपास. तीच वाळू खरबरीत, लहानमोठी मिसळ आणि चोपून घट्ट बसवलेली असेल तर तो ४० अंशाच्या वर जातो.

म्हणून मातीची ताकद सांगताना पहिला प्रश्न : कोरडी की ओली? बांधाची माती ओलीच धरायची.

अथणीची_सून
काळ्या मातीचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं माहेर खानापूरकडचं, सासर अथणी. माहेरी पाऊस थांबत नाही, सासरी टँकर थांबत नाही. पण मला जास्त नवल वाटलं ते घराचं. इथं पहिला पाऊस झाला की मधल्या खोलीचं दार बसतच नाही, आणि उन्हाळ्यात भिंतीच्या भेगेत बोट जातं. सासूबाई म्हणतात, "एरी जमीन आहे, श्वास घेते." इकडे कन्नडमधून आलेले दोन शब्द सगळेच वापरतात, एरी म्हणजे काळी आणि मसारी म्हणजे तांबडी. मसारीवर घर असणाऱ्यांना भेगा नाहीत. हेही कणांमुळेच का?

घटप्रभा
@अथणीची_सून, कण किती बारीक एवढ्यावरच हे भागत नाही, कण कशाचा बनलाय तेही बघावं लागतं. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, सुकली की आक्रसते. तांबड्या मातीतली चिकण बहुतेक केओलिनाइटची असते, ती फारशी फुगत नाही. दोन्ही मातींत चिकणमाती सारखीच ३० टक्के असली तरी घराचं नशीब वेगळं.

आणि अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट अशी की यावरचं मोठं काम आपल्याच भागाशी जोडलेलं आहे. मलप्रभा प्रकल्पाचे कालवे काळ्या मातीतून जात होते, अस्तर उचकटून येत होतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी त्यावर उपाय दाखवला : फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा जाड थर द्यायचा, साधारण मीटरभर. त्याला सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग, म्हणजे चिकट पण न फुगणारा) थर म्हणतात. नुसती वाळू घातली तर तिच्यातून पाणी खाली जातं आणि फुगणं चालूच राहतं. त्या थराला चिकटपणा लागतो, पण फुगरेपणा चालत नाही. आपली मसारी नेमकी त्यात बसते.

लाल_माती
जरा वेगळं सांगू का? तालमीतला माणूस आहे, बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत मोठा झालो. आम्ही हौदात माती घालतो ती तांबडीच, पण आधी चाळतो. एक खडा राहिला तर पैलवानाची पाठ सोलते. मग तेल, ताक, हळद, लिंबू घालून रोज फावड्यानं उकरतो, कारण न उकरता राहिली तर आठवड्यात फरशी होते. ताईंच्या बांधाला जे हवं ते सगळं आम्ही मुद्दाम काढून टाकतो. खडे काढले, दाबलं नाही, उकरून मोकळी ठेवली, म्हणून ती माती अंग झेलते. डाव बसला की पाठीखाली सरकते. एकाच टेकाडावरची माती, एक बांध धरतो आणि एक पैलवान. हे लिहिताना मलाच भारी वाटायलंय.

मलप्रभाकाठची
@लाल_माती दादा, हे बाबांना वाचून दाखवलं. लहानपणी तेही तालमीत जायचे. बराच वेळ तालमीच्याच गोष्टी सांगत बसले.

चाळणी_आणि_वजन
मी पुण्यात स्थापत्य शिकते, घर हुक्केरीचं. लॅबमध्ये आम्ही चाळण्यांची चळत लावून माती हलवतो. सगळ्यात वर ४.७५ मिमी, सगळ्यात खाली ०.०७५ मिमी. प्रत्येक चाळणीवर किती उरलं ते तोलायचं आणि आलेख काढायचा. आलेख लांब, हळूहळू उतरत आला तर त्या मातीत सगळ्या मापाचे कण आहेत. कड्यासारखा सरळ खाली पडला तर बहुतेक कण एकाच मापाचे.

एका मापाचे कण का वाईट ते मला एका हिशेबानं कळलं. एकसारखे गोळे ढिले रचले तर ४८ टक्के जागा रिकामी राहते. अगदी घट्टात घट्ट रचले तरी २६ टक्के. ती पोकळी भरायची तर लहान कणच लागतात. दगडी भिंतीत गवंडी मोठ्या दगडांच्या फटीत कपच्या ठोकतो, कपच्यांच्या फटीत माल भरतो, तसंच.

परीक्षेत यावर दोन आकडे विचारतात. १० टक्के माती ज्या मापाहून बारीक आहे त्या मापानं, ६० टक्के ज्याहून बारीक आहे ते माप भागायचं. वाळूसाठी हा भागाकार ६ च्या वर आणि खड्यांसाठी ४ च्या वर असला तर मिसळ चांगली. दुसरा आकडा मधला कण गायब नाही ना ते बघतो, तो १ ते ३ मध्ये हवा.

चोर्ल्याचा_वारा
मधला कण गायब असण्याचं उदाहरण मी देतो. आमच्या रस्त्याच्या भरावात एकदा मोठे दगड आणि बारीक माती, एवढंच टाकलेलं. मधली खडी, ग्रिट काहीच नाही. दोन पावसाळ्यांत दगडांमधून बारीक माती धुऊन गेली आणि रस्ता बसला. वरून बघितलं तर काम मजबूत, आत सांगाडा.

आणखी एक. गोव्याकडे उतरताना घाटात बघा, वर जांभा कडक, चिऱ्याचा. त्याच्या पोटात कुठं कुठं पांढरट-पिवळी मऊ माती लागते. दक्षिण कन्नडच्या किनाऱ्याकडे तिला शेडी म्हणतात. तिच्यात पोयटाच जास्त. सुकी असताना उभा कापला तरी उभी राहते, म्हणून लोक फसतात आणि सरळ कड कापून मोकळे होतात. भिजली की पाण्याबरोबर वाहते आणि वरचा जांभा अधांतरी लटकतो. ताईंचा गाळ आणि ही शेडी, दोघींचा स्वभाव एकच.

निपाणीकर
बादलीचा प्रयोग केला. पाऊण तासात ढेकळाचा चिखल. मान्य, काका.

पण त्यावरून २०१९ चा ऑगस्ट आठवला. दूधगंगेचं पाणी गावात आलं तेव्हा आमची मातीची दोन खणी पडवी पाण्यात असताना उभी होती. पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पडली. नदीची दरडही तशीच, पूर ओसरताना कोसळली. सगळे म्हणत होते की पूर गेला, आता घरात जाऊया. आमची म्हैस आत बांधायची एवढंच बाकी होतं. पाणी असताना टिकतं आणि गेल्यावर पडतं, हे कसं?

घटप्रभा
म्हैस वाचली हे ऐकून बरं वाटलं. मनापासून.

पूर असताना भिंतीच्या बाहेरचं पाणी भिंतीला टेकून आधार देतं. पूर उतरला की तो आधार एका रात्रीत जातो, पण मातीच्या पोटातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. माती भिजून जड झालेली, आतलं पाणी कणांना एकमेकांपासून ढकलत असतं, म्हणजे घर्षण कमी. वाळूतून पाणी चटकन निघतं, चिकण आणि पोयट्यातून हळू. म्हणून बारीक मातीच्या काठाला पूर ओसरतानाच सगळ्यात जास्त धोका. तळ्यातलं पाणी मोटर लावून एकदम उपसलं तरी आतल्या उताराला हेच होतं.

आक्काची_पिशवी
माझं वय ७३. नात टाइप करून देतेय.

आमच्या लहानपणी गावाचे दोन भाग, काळी आणि पांढर. काळी म्हणजे शेत, पांढर म्हणजे गावठाण. घर बांधायला काळी कधी वापरली नाही. माळवदावर पांढरी माती, पावसाळ्याच्या आधी नवी घालायची, चोपायची. पायाला मुरूम. भिंतीच्या मातीत भाताचं पिंजर आणि शेण घालून चार-पाच दिवस कुजवायची आणि पायांनी तुडवायची. सारवायला तांबडी, चाळून. माझी आई मातीचा गोळा मुठीत दाबायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायची. फुटून भुगा झाला तर म्हणायची पाणी घाल. चपटा झाला तर म्हणायची उद्या ये. दोन-चार तुकडे झाले तर कामाला लागा. मुलीनं हे करून बघावं.

चाळणी_आणि_वजन
आक्का, नमस्कार! तुमच्या आईंनी जे मुठीत ओळखलं ते आम्हाला प्रॉक्टर चाचणी म्हणून शिकवतात. अमेरिकेत धरणांची कामं करताना राल्फ प्रॉक्टरनं १९३३ मध्ये ती मांडली. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, चोपलं तरी पोकळ्या राहतात. फार ओली असेल तर पाणीच जागा अडवून बसतं. मधे एक ओल अशी असते की तेवढ्याच चोपण्यात माती सगळ्यात घट्ट बसते. ताई, तुमच्या बाबांनी पाणी शिंपडलं होतं ते याचसाठी.

घटप्रभा
आणि गाळाच्या बांधाला पाणी शिंपडून, थर देऊन चोपलं होतं का ताई? की ट्रॉली रिकाम्या करून वरून ट्रॅक्टर फिरवला?

मलप्रभाकाठची
ट्रॉलीच रिकाम्या केल्या काका. वरून दोनदा ट्रॅक्टर. घाई झाली होती.

ऊसवाला_कागवाड
एक गोष्ट कुणी बोललं नाही. आमच्याकडे कालव्याच्या पाण्यानं काही रानं चोपण झालीत. त्या मातीत चिकण भरपूर, पण सोडियममुळे तिचे कण एकमेकांना धरतच नाहीत. पाण्यात दुधासारखे विरघळतात. चिकण आहे म्हणून ती बांधाला वापरली तर गाळाहून वाईट. ओळखायला सोपं : काचेच्या पेल्यात पावसाचं स्वच्छ पाणी घ्या, करंगळीच्या पेराएवढं ढेकूळ हळूच सोडा, हलवू नका. नुसतं ढासळून तळाशी बसलं तर ठीक. भोवती ढगासारखी गढुळी पसरली तर ती माती बांधाच्या जवळ आणू नका.

भट्टीवाला_खानापूर
ताई, आता बाटलीचा प्रयोग करा की ओ. दोन्ही बांधांची माती, म्हणजे आपलं बोलणं जमिनीवर येईल.

घटप्रभा
पद्धत सांगतो. काचेची उभी बरणी, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर, म्हणजे कण सुटे होतील. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवायची. पहिल्या मिनिटात खाली बसली ती वाळू, तिथं पेनानं खूण. त्यावर पुढच्या सात-आठ तासांत बसेल तो पोयटा, तिथं दुसरी खूण. नंतरही पाणी गढूळ ठेवते ती चिकण, तिला दिवस-दोन दिवस लागतील. कण दहापट बारीक झाला की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो, म्हणून वेळेत एवढा फरक. स्टोक्सचा हा नियम १८५१ चा, आणि लॅबमधली हायड्रोमीटर चाचणी आजही त्यावरच चालते.

मलप्रभाकाठची
तीन दिवसांनी लिहितेय. दोन बरण्या, लोणच्याच्या, आईची परवानगी काढून घेतल्या.

बाबांच्या बांधाची माती : आधी खडे वेचून काढले, तेच पाव हिस्सा भरले. उरलेल्या मातीत दहा बोटांपैकी साडेपाच बोटं वाळू, दोन बोटं पोयटा, अडीच बोटं चिकण. वाळूतही जाड-बारीक सगळं दिसतं. गाळाची बरणी : तळाला अर्धं बोट बारीक वाळू, आठ बोटं पोयटा, वर दीड बोट चिकण. खडा एकही नाही. पेल्याचाही प्रयोग केला. बाबांच्या मातीचं ढेकूळ नुसतं ढासळलं, ढग नाही. गाळाचं ढेकूळ पाण्यात टाकताक्षणी विस्कटलं, पण तिथंही ढग नाही.

बाबा दोन्ही बरण्या ओट्यावर ठेवून बघत बसले होते. म्हणाले, "आम्ही तर नुसतं हातात घेऊन बघायचो." आता सांगा, पुढं काय करू? गाळ पुष्कळ उरलाय, तो वाया घालवू का?

घटप्रभा
गाळ वाया नाही. तो बाबा म्हणाले तसा शेताला घाला, विशेषतः उसाच्या हलक्या पट्टीला.

खिंडाराच्या दोन्ही बाजूंचा भराव उभा ठेवू नका, पायऱ्या पाडून कापा, म्हणजे नवी माती जुन्यात गुंतेल. शक्य असेल तर गाळाचा सगळा बांध काढा. टेकाडावरचीच मुरमाड तांबडी आणा, मूठभर आकाराहून मोठे दगड वेचून टाका. वीतभराचा थर, आक्कांची मुठीची परीक्षा, चोपणं, मग वरचा थर खरवडून पुढचा. आतला उतार एकास दोन, म्हणजे एक हात उंचीला दोन हात आडवं, बाहेरचाही निदान पावणेदोन.

बाहेरच्या पायथ्याला पाझराची गाळणी करा. तिच्यातून पाणी जावं पण बांधाची माती जाऊ नये. मातीच्या अभियांत्रिकीचा पाया घालणाऱ्या टेरझाघींचा ठोकताळा असा की गाळणीतल्या बारीक कणांचं माप बांधाच्या मातीतल्या जाड कणांच्या मापाच्या चार-पाच पटींहून जास्त नको. तुमच्यासाठी सोपं करून : बांधाला लागून वीतभर स्वच्छ जाडसर वाळू, तिच्या बाहेर बारीक खडी, तिच्या बाहेर दगड. थेट दगड लावले तर माती त्यांच्या फटींतून निघून जाईल.

भट्टीवाला_खानापूर
चाळण्या आमच्याकडे आहेत ताई, वाळूच्या आणि खडीच्या दोन्ही. रविवारी घेऊन येतो. पेट्रोल नको, बाबांच्या हातचा चहा पाहिजे.

लाल_माती
धुम्मस धरायला तालमीतली चार पोरं आणतो. व्यायाम म्हणूनच धरू.

आक्काची_पिशवी
बांध झाल्यावर वर दूर्वा नाही तर वाळ्याची रोपं लाव. बाभूळ लावू नकोस. मुळं कुजली की बांधाच्या पोटात पाण्याला वाट होते. आणि खेकड्यांची बिळं दर आठवड्याला बघ.

मलप्रभाकाठची
सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. रविवारी पहिला थर. शेजारच्या काकांनाही बोलावलंय, त्यांचं खाचर आधी साफ करून देणार आहे.

घटप्रभा
एकच राहिलं. पहिल्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरू देऊ नका, सांडवा हातभर खाली ठेवा. दिवसाला वीतभरच पाणी चढू द्या आणि रोज सकाळी बाहेरच्या पायथ्याशी जाऊन पाझर ओंजळीत धरून बघा.